डोळ्यातली खिडकी

सोमवार, ६ ऑक्टोबर

बिस्मिल्लाह. हिशेबाच्या वहीची मागची चाळीस पानं कोरी राहिली होती. वाया कशाला घालवायची? आजपासून पुढून घरखर्च आणि मागून हे.

आज घरात कॅमेरा आला. पनवेलच्या एसटी स्टँडमागचा दयाराम काकांचा स्टुडिओ डिसेंबरअखेर बंद होणार. माझे सासरे हयात असताना रोज संध्याकाळी तिथे बसायचे, म्हणून काका मला अजून सूनबाय म्हणतात. हिशेबातल्या काही गोष्टी विचारायला त्यांनी बोलावलं होतं. काम झालं तसं म्हणाले, "सगल्यांकडं मोबाईल आला. आता आमच्याकडं फक्त मेलेल्या मान्साचे घरवाले येतात, फोटो मोठा करून द्या म्हनून. पन एक गिऱ्हाईक उरलाय. ते मना जमत नाय, तुला जमंल."

ते गिऱ्हाईक म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या बायका. व्हिसाला, हजच्या फॉर्मला, आधारला फोटो लागतो आणि परक्या पुरुषासमोर बसून ओढणी मागे घ्यायची म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं. बाई घरी येऊन फोटो काढणार असेल तर करंजाड्यापर्यंतच्या बायका बोलावतील, असं काकांचं म्हणणं. आपला कॅमेरा त्यांनी तिथेच माझ्या पिशवीत घातला. फोटो मी काढायचे, छापून काका देणार.

मी दहावी पास, तेही बावीस वर्षांपूर्वी. पण ज्या बाईला आमचा गॅसचा रेग्युलेटर समजला तिला कॅमेराही समजेल.

पहिला महत्त्वाचा फोटो अम्मांचा असेल. सासूबाईंची आयुष्यात एकच मागणी, एकदा स्वतःच्या डोळ्यांनी काबा बघायचा. हे सौदीत दम्मामला आहेत, त्यांनी जानेवारीच्या उमराहसाठी आम्हा दोघींची सोय केली आहे, स्वतः जेद्दाला भेटणार. व्हिसाचा फोटो नोव्हेंबरात द्यायचा आहे.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

मनात किडा होता, म्हणून जुम्याच्या नमाजनंतर शाहीदभाईंना घरी बोलावलं. माझे थोरले भाऊ, मदरशात शिकवतात. चहा दिला आणि सरळ विचारलं, माणसाचे फोटो काढणं जायज का?

दाढीत बोटं घालून बसले. मग म्हणाले, यात विद्वान आलिम लोकांचं एकमत नाही. कोणी मनाई करतं, कोणी म्हणतं आरशात दिसतं तसंच हे, फक्त थांबलेलं. "आरसा बनवणाऱ्याला कोणी गुनाहगार म्हणत नाही. गरजेचा फोटो आहे, तू आरसा धरतेस तोवर मला अडचण दिसत नाही. हाताने चेहरा घडवायला लागलीस, तर मग मला सांगू नकोस."

"मी कशाला घडवू? मला तर रांगोळीतला मोरसुद्धा नीट आला नाही शाळेत."

हसले. जाताना आणखी सांगून गेले, की हजार वर्षांपूर्वी बसऱ्याचे एक मोठे आलिम होते, त्यांनी अंधाऱ्या खोलीत बसून दाखवून दिलं की डोळ्यातून काही बाहेर जात नाही, बाहेरचा उजेड डोळ्यात येतो, तेव्हा दिसतं.

माझा नियम ठरला. उजेड येईल तसा धरायचा. आपल्या हाताने त्यात भर घालायची नाही, काढायचंही नाही.

अम्मा शेजारीच बसून कुराण वाचत होत्या. सत्तरी ओलांडली, पण हल्ली चष्म्याशिवाय वाचतात, माशाल्लाह! बोट ओळीवरून चालतं, तोंडाने अखंड चालू. पानं मात्र घाईने उलटतात.

सोमवार, १३ ऑक्टोबर

पहिला धडा. कॅमेऱ्याला हातही लावू दिला नाही काकांनी. स्टुडिओच्या मागे त्यांची फिल्म धुवायची जुनी काळोखी खोली आहे, तिथे नेलं. माझी लेक हादियाही आली होती, तिचा कामोठ्यातला क्लास आज लवकर सुटला. आत घेऊन दार लावलं. मिट्ट काळोख. "हालू नका. डोल्यांना सवय होऊ द्या."

पत्र्याच्या दाराला चण्याएवढं भोक आहे. थोड्या वेळाने समोरच्या भिंतीवर काहीतरी हलायला लागलं. आधी वाटलं ओल आहे. मग दिसलं की ती रिक्षा आहे. रंगासकट! आणि उलटी. चाकं वर, टप खाली. पाठोपाठ केळीवाला गेला, डोक्यावर चालत.

"काका, ही काय जादू?"

"जादू नाय. उजेड वाकडा जात नाय, सूनबाय. सरल जातो. रिक्षाच्या टपावरनं निघाला तो भोकातनं खाली उतरला, चाकावरनं निघाला तो वर गेला. झाली उलटी. हाच कॅमेरा. बाकी सगला नंतरचा थाटमाट."

हादिया म्हणाली, "अम्मी, आपल्या डोळ्यातही असंच उलटं पडतं. मेंदू सरळ करून घेतो."

"मग मेंदूला आणखी एक काम," मी म्हटलं. "म्हणून तुला भांडी घासायची आठवण राहत नाही का?"

काकांनी मग दुसरं मोठं भोक उघडलं. भिंतीवर उजेड खूप झाला, पण रिक्षा पसरट, पाण्यात भिजल्यासारखी. लहान भोक म्हणजे चित्र रेखीव पण अंधारं, मोठं म्हणजे उजळ पण फिसकटलेलं. यातून सुटायला लेन्स. मोठ्या भोकातून येणारा उजेड ती वाकवते आणि ज्याचा त्याला परत एका जागी आणते. शाळा सुटल्यावर आपापलं पोर बरोबर ओळखून घरी नेणाऱ्या आयांसारखी. हे माझं वाक्य, काकांचं नाही. त्यांनी मान डोलावली.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

आज ते सगळं घरी केलं. आमची कोठीची खोली गल्लीकडे आहे, खिडकीला फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा ठोकला, मधोमध चण्याएवढं भोक. पैसा खर्च नाही. दुपारी गल्लीत ऊन कडक असतं तेव्हा दार लावून उभी राहिले आणि भिंतीवर सगळी गल्ली लटकली! जोशात येऊन अम्मांना ओढत आणलं.

"बघा अम्मा, समोर बघा."

त्या उभ्या राहिल्या. भिंतीकडे नाही, पुठ्ठ्याच्या भोकाकडेच तोंड करून. मी खांदे धरून वळवलं.

"दिसलं?"

"हां हां, दिसला. चांगला हाय."

"उलटं आहे ना सगळं?"

"उलटा कशाला? सुलटाच तर हाय. दार उघड गो, मना दम घुटतो."

माझी थट्टा केली आणि निघून गेल्या. सासूचं मन कशाने राजी होईल ते अल्लाहलाच ठाऊक. मला वाटतं, कॅमेरा घरात आलेला त्यांना आवडलेला नाही. परवापासून चहाचा कप देते तेव्हाही आधी हवेत दोनदा चाचपून मग धरतात, जसं काही मी निखारा देतेय.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

दयाराम काकांकडून फराळ आला. शांतीकाकूंच्या चकल्या नेहमीसारख्या.

समोरच्या बिल्डिंगला ओळीने आकाशकंदील लागलेत. अम्मा खिडकीत बसून म्हणाल्या, "यंदा लोकांनी दिव्यांना कडी कशाला लावली हाय?" मी पाहिलं, कसली कडी नाही. मी म्हटलं नसेल तुमची झोप नीट झाली.

आज मांदेली त्यांनी साफ केली होती. हादियाच्या घशाशी खवलं आली. म्हातारपणी हात चुकार होतो.

शनिवार, १ नोव्हेंबर

आता कॅमेरा हातात. पहिला फोटो पूर्ण पांढरा आला, दुसरा पूर्ण काळा. काका म्हणाले, "बरोब्बर मधलाच राहिलाय."

एक गोष्ट डोक्यात जाईना. लेन्समधलं भोक लहानमोठं करता येतं, त्याचे आकडे असतात, आणि आकडा मोठा तर भोक लहान! असला उलटा हिशेब कोणी ठेवतं का? भाकऱ्या थापताना एकदम उजेड पडला. हा आकडा म्हणजे वाटेकरी. भाकरी चौघांत वाटली तर तुकडा मोठा, सोळा जणांत वाटली तर लहान. काकांना सांगितलं तर ते कपाळाला हात लावून म्हणाले, चाळीस वर्षांत मना कोनी असा सांगितला नाय.

दुसरं, उजेड किती वेळ आत घ्यायचा. हे मला शिकवावं लागलं नाही. नळ बारीक असेल तर बादली भरायला जास्त वेळ, पनवेलच्या कुठल्याही बाईला विचारा. पण वेळ जास्त लावला आणि समोरचा माणूस हलला, की तो फोटोत भुतासारखा पुसला जातो.

निघताना काकांनी एक जुनी लेन्स दाखवली. बॅटरीचा झोत मारला तर आत पांढरे धागे, कोळ्याच्या जाळ्यासारखे. "बुरशी. आपल्या हवेत होतेच. मालक मानायला तयार नसतो, कारन फोटो येतच ऱ्हातो. पयला काला रंग काला ऱ्हात नाय, राखाडी होतो. मग दिव्याभोवती कडी दिसते. मग एक दिवस धुक्यातनं बघितल्यासारखा. हलूहलू होतो ना, म्हनून कलत नाय." 

मी आमची लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवत होते. काका म्हणाले तांदूळ नको, धूळ जाते. मग पुडीतल्या त्या न खायच्या पांढऱ्या गोळ्यांचा डबा केला. चपलांच्या खोक्यातल्या दोन वर्षांच्या पुड्या जपून ठेवल्या होत्या, आल्या ना उपयोगी!

बुधवार, ५ नोव्हेंबर

फिल्म नाही, मग फोटो राहतो कुठे? आज हादियाने शिकवलं. बारावीला आहे, आईला शिकवताना तिचा आवाज वेगळाच होतो.

भोकामागे, जिथे पूर्वी फिल्म असायची तिथे, नखाहून थोडी मोठी काच. तिच्यावर लाखो बारीक खणांच्या ओळी. अंगणात ओळीने वाट्या मांडाव्यात आणि पाऊस पडून जावा, तसा प्रत्येक खणात आपला आपला उजेड साठतो. मग यंत्र एकेक वाटी मोजतं आणि आकडा लिहितं. शून्य म्हणजे काळा. वाटी भरून वाहिली म्हणजे पांढरा.

"म्हणजे फोटो ही आकड्यांची वही आहे?"

"हो अम्मी. बस तेवढंच."

किती बरं वाटलं मला! आजवर वाटायचं, हे शिकलेल्या लोकांचं काम. आणि निघाली ओळींत मांडलेली वही. खण रंग ओळखत नाहीत म्हणून प्रत्येकावर लाल, हिरवी किंवा निळी रंगीत काच असते, आणि हिरव्या दुप्पट.

अम्मा पलीकडून म्हणाल्या, "हिरव्यात बरकत हाय."

हादिया म्हणाली, "दादी, माणसाच्या डोळ्याला हिरवा जास्त बारकाईने कळतो, म्हणून."

"तेच बोलले ना मी."

रविवार, ९ नोव्हेंबर

पहिलं गिऱ्हाईक. मोनाली, आमच्या दूधवाल्या जगनची सून. आमच्या मोहल्ल्याचीही नाही. तान्ही मुलगी आहे, तिच्या पासपोर्टसाठी. बाळाचे डोळे उघडे हवेत, मागे पांढरं, कोणाचा हात दिसता कामा नये. पांढऱ्या चादरीवर निजवलं, टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल बाजूला धरून खिडकीचा उजेड चेहऱ्यावर परतवला. सत्तावीस फोटो. सव्विसात ती रडतेय.

तिच्या मागोमाग मोहल्ल्यातल्या चौघींनी निरोप पाठवला. आता मला जमतं. हे घमेंडीने लिहीत नाही, जमतं म्हणून लिहिते.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज अम्मांचा फोटो. टूरवाला हमझा उद्या फाइल पुढे पाठवणार.

चष्मा चालत नाही म्हणून उतरवला. चादर, खिडकी, थर्माकोल, सगळं नेहमीचं. फोटो लॅपटॉपवर मोठा केला तर उजव्या डोळ्याची बाहुली काळी नाहीच. मधोमध राखाडी डाग, दुधाचा थेंब पडल्यासारखा. डावीही जरा धुरकट.

ओळखलं, खिडकीचं प्रतिबिंब. अम्मांना फिरवून बसवलं. तसंच. पडदा अर्धा ओढला. तसंच. मग लेन्सवर संशय आला, ती पुसली, बॅटरी मारून पाहिली, आत काही नाही. त्याच जागी हादियाला बसवून काढला, तिच्या बाहुल्या कोळशासारख्या काळ्या. असं का व्हावं? अम्मा हलत असतील. म्हाताऱ्या माणसाचे डोळे पाणावतात, त्याची चकाकी असेल. एकूण सोळा फोटो काढले, तोवर अम्मा कंटाळल्या. "आणखी किती? मी नवरी हाय काय?"

हमझाचे दोन फोन आले. शेवटी हादियाला विचारून लॅपटॉपमधला ब्रश घेतला आणि उजवी बाहुली काळी केली. डावीही थोडी. दोन मिनिटांचं काम. हादिया म्हणाली, "अम्मी, हे चालतं?" मी म्हटलं, कॅमेऱ्याने चुकीचा आकडा लिहिला, तो मी दुरुस्त केला. वहीत नाही करत आपण?

फोटो हमझाला पाठवला. अम्मा दहा वर्षांनी तरुण दिसतात. एक प्रत काकांकडे छापायला दिली, ह्यांना दाखवायला घरात एक हवीच.

संध्याकाळी मगरिबच्या नमाजमध्ये लक्ष लागलं नाही. पाठीत उसण भरली आहे, सोळा वेळा वाकले ना.

गुरुवार, २० नोव्हेंबर

स्टुडिओत फोटो घ्यायला गेले. काका काउंटरवर भिंग लावून बसले होते, अम्मांचाच फोटो समोर.

"सूनबाय, खिडकी कुठं गेली?"

"कसली खिडकी?"

त्यांनी भिंग माझ्या डोळ्याला लावलं. "ही डाव्या डोल्यात बघ. बारीक पांढरी चौकट. तुझ्या घरची खिडकी. जित्या मान्साचा फोटो काढला की दोनी डोल्यांत उजेडाची खिडकी पडते. पडलीच पायजे. उजव्यात कोनी बुजवली?"

सांगितलं सगळं. बाहुली राखाडी येत होती, कॅमेऱ्याची चूक, म्हणून मी काळी केली.

"मूल फोटो हाय?"

मोबाईलमध्ये होता. काकांनी दोन बोटांनी मोठा करून पाहिला. मग आतून शांतीकाकूंना हाक मारली. काकू पदराला हात पुसत आल्या, एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "अगो बाय, मोतीबिंदू पिकलाय की हा! माझा याच्या अर्ध्यावर काढला."

"सूनबाय," काका म्हणाले, "लेन्सच धुरकट हाय, ते तू बरोबर वलखलास. पन कॅमेऱ्याची नाय. सासूची."

दुकानातल्या स्टुलावर बसले. माझ्या डोक्यात एकेक पान मागे उलटत गेलं. चहाचा कप. खवलं. आकाशकंदिलांची कडी. घाईने उलटलेली कुराणाची पानं. त्या वाचत नव्हत्याच, त्यांना पाठ आहे. आणि माझ्या कोठीतली ती भिंत. हे सगळं मीच याच वहीत लिहिलेलं आहे. माझ्याच अक्षरात.

बुरशीचा धडा काकांनी मला पहिल्या तारखेलाच दिला होता. मी तो चपलांच्या पुड्यांपर्यंत पाळला.

शनिवार, २२ नोव्हेंबर

दोन दिवस कसं विचारावं ते कळेना. आज तांदूळ निवडताना समोर बसले आणि हळूच ताटात तीन काळे खडे ठेवले. अम्मांचा हात त्यावरून गेला, फिरला, पुढे गेला.

"अम्मा, कधीपासून?"

हात थांबला. नाटक नाही केलं त्यांनी. "बकरी ईदपासून. उजवा त्याच्या आधीपासून."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितला असता तर तुमी बोलले असते, आधी विलाज, मग पुढच्या साली जाऊ. मना पुढचा साल कोनी लिवून दिलाय?"

"पण तिथे जाऊन बघणार काय होता?"

"काबा येवढा मोठा हाय गो," त्या म्हणाल्या. "तेवढा तर दिसंल."

मला हसू की रडू कळेना. मग मी माझं सांगितलं. फोटोत तुमचा डोळा मी हाताने रंगवला आणि तोच फोटो हमझाकडे आहे. तो परत आणणार आहे. अम्मा ताडकन म्हणाल्या, "खबरदार! जाऊ दे तसाच. कोन बघतो?"

"मी बघितलंय."

"चार जानेवारीची जमात निघून जाईल, ताहिरा."

"जाऊ दे."

ताट ढकलून त्या उठल्या. भिंतीला हात लावत आत गेल्या. आता लपवायचं कारण उरलं नाही, म्हणून उघड भिंत धरली. ते बघवेना.

हमझाच्या ऑफिसात गेले. कोणाचा तरी कागद राहिला म्हणून फाइल अजून टेबलावरच होती. तो म्हणाला, "भाभी, फोटो एक नंबर आहे, कोणी परत करत नाही असा." मी म्हटलं, तो माझ्या सासूचा नाही. त्याला वाटलं दुसऱ्याच कोणाचा दिला. वाटू दिलं.

आधी डोळ्याचा इलाज, मग नवा फोटो, म्हणून चार जानेवारीच्या आमच्या दोन जागा गेल्या. पुढची जमात रमजानच्या आधी, एक फेब्रुवारीला, तीत नाव घालून आले. दम्मामला फोन केला. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी अम्माशी रोज व्हिडिओवर बोलतो. मलाच नाही दिसलं." मी म्हटलं, रडू नका, मी कॅमेरा हातात घेऊन बसले होते, मलाही नाही दिसलं.

शाहीदभाईंनाही सांगितलं. म्हणाले, "मी बोललो होतो ना, मला सांगू नकोस?" मग म्हणाले, "दुरुस्त केलंस ना. बस."

शुक्रवार, ५ डिसेंबर

तीन दिवस अम्मा बोलल्या नाहीत, चौथ्या दिवशी भांडल्या, पाचव्या दिवशी तयार झाल्या. शांतीकाकू रोज येऊन स्वतःचा डोळा ताणून दाखवायच्या, "बघ शरीफा, टाकासुद्धा नाय!" त्यानेच काम झालं असावं.

काल नवीन पनवेलच्या दवाखान्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आधी यंत्राने डोळ्याची लांबी मोजली, तेवीस मिलीमीटर. तेवढ्या छोट्या काळोख्या खोलीत सगळी दुनिया मावते! डॉक्टरीणबाई कागदावर काढून सांगत होत्या, आतली गढूळ झालेली लेन्स काढायची आणि मापाची नवी बसवायची, माप चुकलं तर चित्र पडद्याच्या अलीकडे नाहीतर पलीकडे पडतं. मी विचारलं, "आणि पडतं ते उलटंच ना?" त्यांनी मान वर करून पाहिलं. "तुम्ही शिक्षिका आहात?"

"नाही. फोटो काढते."

पहिल्यांदाच असं बोलले. ठसक्यात बोलले.

आज सकाळी पट्टी काढली. अम्मा डोळा किलकिला करून बसल्या. मग त्यांनी डावा डोळा हाताने झाकला, उघडला, पुन्हा झाकला. खिडकीकडे बघून तेच.

"हा परदा," त्या म्हणाल्या, "ह्या डोळ्यानी निळा हाय. ह्या डोळ्यानी मळका. कोनचा खरा?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निळा.

मग माझ्याकडे वळल्या. खालून वर नीट पाहिलं. "आणि तू हा ड्रेस आजूनपन घालतेस? याचा रंग कदीच उडालाय. लोक काय बोलत असतील!"

अल्हमदुलिल्लाह.

मंगळवार, ६ जानेवारी

पुन्हा फोटो. तीच चादर, तोच थर्माकोल. अम्मांनी स्वतः ओढणी नीट केली, आता आरशात दिसतं ना. एकच काढला.

लॅपटॉपवर मोठा केला. उजवी बाहुली काळीभोर. तिच्यात खिडकीची पांढरी चौकट, गजांसकट. आणि चौकटीच्या पुढे एक छोटी काळी आकृती, खांदे वाकवलेली, दोन्ही हात तोंडाशी. मीच ती. डावी बाहुली अजून धुरकट आहे, तिचं ऑपरेशन उमराहहून आल्यावर. ती धुरकटच राहू दिली.

हादिया मुद्दाम म्हणाली, "अम्मी, डोळ्यात तू दिसतेस. ब्रश देऊ?"

"काही नको. जसं पडलं तसं जाऊ दे."

हमझाला पाठवला. दुपारी त्याचा निरोप, फोटो ओके.

शनिवार, ३१ जानेवारी

उद्या पहाटे विमान. बॅगा दोनदा वजन करून बांधल्या. दयाराम काका येऊन अम्मांना म्हणाले, "शरीफाभाभी, माज्या दोस्तासाठी दुआ करा तिथं. आनि मना सांगा, कसा दिसतो." स्टुडिओचं शटर त्यांनी उतरवलं, पण काळोख्या खोलीच्या भोकाचा पत्रा कापून मला आणून दिला. चौकोनी तुकडा, चाळीस वर्षांचा गंज. पुठ्ठा काढून तोच कोठीच्या खिडकीला लावला.

अम्मा मागे येऊन उभ्या. "त्या दिवशी भिंतीवर काय होता? आता दाखव."

ऊन उतरायला अजून वेळ होता. आत घेतलं, डोळ्यांना सवय होईपर्यंत हात धरून उभी राहिले. हळूहळू गल्ली उतरली. समोरची बिल्डिंग वरून लोंबली. एक रिक्षा छतावरून घसरत गेली. शेजारच्या हाफिजसाहेबांचा बकरा पाय वर करून चालत आला आणि मधोमध थांबला.

अम्मा पुढे झाल्या. ओढणी दोन हातांनी ताणून भिंतीसमोर धरली, तशी गल्ली भिंतीवरून उतरून त्यांच्या ओढणीवर आली.

"सगळी उलटी हाय गो!"

"त्या दिवशी मला सुलटी म्हणालात."

"त्या दिवशी मी तुझा मन ठेवला."

दाराच्या फटीतून हादिया डोकावली, काय चाललंय बघायला. ओढणीवरचा बकरा एकदम फिका पडला.

अम्मा न वळता म्हणाल्या, "दार लाव गो. उजेड येतो."